धीवराच्या हाती माइक: श्लोक, बीट आणि एकटा नट

फोनवर आलेला व्हिडिओ उघडावा तर काळी टीशर्ट घातलेला एखादा पोट्टा, हातात माइक, मागे धडधडणारा ठोका, आणि तोंडात चक्क हॅम्लेटचं स्वगत नाहीतर कालिदासाचा श्लोक. घरातली थोरली मंडळी विचारतात, हे नाटक आहे का गाणं? धाकटी विचारतात, रॅपमध्ये हा असं काय बोलून राह्यला? गोंधळ दोन्हीकडे आहे आणि तो रास्तही आहे. पन्नासेक किलोमीटरवर रामटेक असलेल्या नागपूरकरांना तर हा विषय नीट कळायलाच हवा. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं, आणि कालिदासाच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही १९९७ पासून तिथेच आहे. तेव्हा कालिदासाला माइक लावण्यावर मत द्यायचा आपल्याला थोडा जास्त हक्क आहे असं समजू.

नेमकं काय मिसळतात?

तीन गोष्टी. पहिली, जुनं पद्यनाट्य. ग्रीक नाटकं पद्यात होती, शेक्सपिअरचा मोठा भाग पद्यात आहे, आणि संस्कृत नाटकात गद्य संवाद चालू असताना भावना दाटली की पात्र श्लोकात शिरतं. दुसरी, हिपहॉप, म्हणजे ठेक्यावर, अर्थात बीटवर, बोललेलं यमकदार पद्य आणि त्याभोवतीची सगळी संस्कृती. तिसरी, एकपात्री प्रयोग. ती मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

बाहेर हे बरंच झालं आहे. लंडनमध्ये अकाला या रॅपरनं २००९ मध्ये ‘हिपहॉप शेक्सपिअर कंपनी’ काढली. ग्रीक नाटककार इस्किलसचं थीब्जवरच्या स्वारीचं नाटक इसवी सनापूर्वी ४६७ मधलं. रॅपर-नाटककार विल पॉवर यांनी त्याचं हिपहॉप रूपांतर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणलं. कवी-रॅपर केई टेम्पेस्ट यांनी तर ग्रीक देवांना लंडनच्या साध्या कुटुंबांत उतरवून एकट्यानं, सोबत जिवंत वाद्यवृंद घेऊन दीर्घकाव्य सादर केलं आणि त्याला कवितेचा टेड ह्यूज पुरस्कार मिळाला. म्हणजे प्रकार नवखा नाही. आपल्याकडे तो कसा बसेल, हा खरा प्रश्न.

वृत्त आणि बीट एकमेकांत बसतात कसे?

इथे थोडं गणित आहे, पण दहावीत लघू-गुरूच्या खुणा केलेल्या कुणालाही झेपेल असं.

रॅपमधली एक ओळ साधारण एका ‘बार’ची असते. बार म्हणजे चार ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे चार बारीक भाग, एकूण सोळा. वर्गात चार बाक आहेत आणि प्रत्येकावर चार जागा, असं समजा. लघू अक्षर म्हणजे मोकळ्या हातानं आलेलं पोर, त्याला एक जागा पुरते. गुरू अक्षर दप्तरासकट येतं, त्याला दोन लागतात. आता मेघदूताची पहिली ओळ या वर्गात बसवून पाहू: कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः.

हे मंदाक्रांता वृत्त. सतरा अक्षरं, आणि चौथ्या व दहाव्या अक्षरावर यती, म्हणजे ठरलेला विसावा. पहिली चार अक्षरं सगळी गुरू: ‘कश्चित्’ एका बाकावर, ‘कान्ता’ दुसऱ्यावर. आठ जागा भरल्या. मग पाच लघू धावत येतात. ‘विरहगु’ या चौघांनी तिसरा बाक पूर्ण भरला, ‘रुणा’नं चौथ्यावरच्या तीन जागा घेतल्या, आणि एक जागा रिकामी राहिली. ती रिकामी जागा बरोबर यतीची! पहिला बार संपला. दुसऱ्या बारमध्ये ‘स्वाधिकारात्प्रमत्तः’ला बारा जागा लागतात, म्हणजे तीन बाक. चौथा बाक पूर्ण मोकळा, श्वास घ्यायला. सत्तावीस मात्रांची (लघूची एक, गुरूच्या दोन) ओळ दोन बारच्या बत्तीस जागांत बसते, आणि उरलेल्या पाच जागा जिथे थांबायचं तिथेच येतात.

यात आणखी एक मौज आहे. दुसऱ्या बारमधला ‘का’ दोन बाकांवर पाय टाकून बसतो: अर्धा पहिल्यावर, अर्धा दुसऱ्यावर. ठोका त्या ताणलेल्या ‘का’च्या पोटात पडतो, तोंडावर नाही. ठेक्यात असं तिरकं पाऊल टाकायला रॅपर मुद्दाम शिकतात. इथे ते वृत्तानंच दिलं आहे.

हे सगळ्यांच्या बाबतीत इतकं सुखानं होत नाही. ‘मना सज्जना’चं भुजंगप्रयात घ्या. लघू-गुरू-गुरू असे पाच मात्रांचे चार गट, ओळीला वीस मात्रा. चार जागांच्या बाकावर पाचाचा गट बसवला की एक पोर पुढच्या बाकावर ढकललं जातं, मग दोन, मग तीन. चार ओळींच्या ऐंशी मात्रा पाच बारमध्ये संपतात खऱ्या, पण हिपहॉपला चार नि आठ बारची सवय. पाचव्या बारला ऐकणाऱ्याचा पाय अडखळतो. मग एक तर अक्षरं ताणायची, नाहीतर ते अडखळणं नाटकासाठी वापरायचं. ज्याच्या मनाची ओढाताण चालली आहे अशा पात्राला हे वृत्त शोभेल.

इंग्रजीत हिशेब निराळा. शेक्सपिअरच्या ओळीत साधारण दहा अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आणि पाच आघात असतात. तिथे मात्रा मोजत नाहीत, जोर मोजतात. चार ठोक्यांत पाच आघात मावत नाहीत म्हणून पाचवा पुढच्या बारमध्ये सांडतो. रॅपरला त्यात अडचण वाटत नाही, कारण ओळ बारच्या बाहेर सांडणं हा त्याचा रोजचाच उद्योग.

मराठी नटासाठी एक धोक्याची सूचना. आपण बोलताना ‘विरह’ हा शब्द वि-रह् असा दोन अवयवांत उरकतो. वृत्ताला वि-र-ह असे तीन हवेत. घरच्या उच्चारात श्लोक म्हटला की तिसऱ्या बाकावरचं एक पोर गैरहजर, आणि मग बीटवाला नि बोलणारा एकमेकांकडे पाहत बसतात. संस्कृत संस्कृतसारखंच म्हणावं लागतं. रॅप करताना तर जास्तच.

इतक्या वेगात शब्द कळतील का?

कळतील. मिनिटाला नव्वद ठोके हा हिपहॉपचा अगदी सर्वसाधारण वेग. त्या वेगानं मंदाक्रांतेच्या एका ओळीला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ मिळतो. सतरा अक्षरांना पाच सेकंद म्हणजे आपल्या वरणभाताच्या गप्पांपेक्षाही निवांत. फक्त लघूंच्या धावेत सेकंदाला सहा अक्षरं येतात, आणि तिथे जिभेला रियाज लागतो. शब्द न कळण्याचं कारण बहुतेकदा वेग नसतो. ढोलाचा आवाज माणसाच्या आवाजावर चढवलेला असतो. तो दोष ध्वनीच्या मेजावर बसलेल्याचा.

पण हिपहॉप म्हणजे शिव्या आणि गुंडगिरीच ना?

हिपहॉपची जन्मतारीख सांगतात ती ११ ऑगस्ट १९७३, जागा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली सेजविक अव्हेन्यूवरची एक इमारत. शाळा सुरू व्हायच्या आधी बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत कूल हर्क नावाच्या पोरानं रेकॉर्डमधला फक्त तालवाद्यांचा तुकडा पुन:पुन्हा वाजवला, लोक नाचले, आणि त्या तुकड्यावर बोलणं सुरू झालं. गरीब वस्तीतल्या पोरांकडे वाद्यं नव्हती, म्हणून वाजलेलं संगीत हेच त्यांनी वाद्य केलं. शिव्या त्यात आल्या, नाही असं नाही.

मात्र सोवळेपणाची तुलना करायचीच तर अभिजात बाजूही फार सोवळी नाही. नाट्यशास्त्रानं रूपकाचे, म्हणजे नाटकाचे, दहा प्रकार सांगितले, त्यात ‘भाण’ नावाचा एक आहे. भाण म्हणजे एका नटाचं एकअंकी नाटक. नायक विट, म्हणजे बोलघेवडा, रंगेल, नगरातल्या सगळ्या भानगडी ठाऊक असलेला गृहस्थ. तो गणिकांच्या वस्तीतून हिंडतो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. भेटणारा रंगमंचावर नसतोच. विट आकाशाकडे पाहून विचारतो, ‘किं ब्रवीषि?’, म्हणजे ‘काय म्हणतोस?’, आणि समोरच्याचं उत्तर स्वतःच उच्चारून पुढे बोलतो. याला आकाशभाषित म्हणतात. असे चार जुने भाण ‘चतुर्भाणी’ या नावानं १९२२ मध्ये छापून आले. ते जसेच्या तसे मराठीत करून धरमपेठेतल्या काकांना दाखवले, तर रॅपच्या शिव्या त्यांना सोज्वळ वाटतील.

भाणाचा उल्लेख मी केवळ चिमटा काढायला केलेला नाही. एकपात्री पद्यनाट्याची आपल्याकडची पूर्वपीठिका इथे आहे: एक नट, गद्य आणि श्लोक यांची सरमिसळ, नसलेल्या माणसांशी संवाद, आणि गावाची निंदानालस्ती. एकपात्री हिपहॉपवाला रंगमंचावर याहून फार वेगळं काही करत नाही.

एकटा नट चार माणसं कशी दाखवणार?

माझ्या मते बीटचा खरा उपयोग इथे आहे, आणि बहुतेक प्रयोग फसतात तेही इथेच. श्लोकाखाली ढोल लावला की झालं, असं समजणारे खूप आहेत. तसं केलं की पाच मिनिटं गंमत वाटते, मग सगळी पात्रं एका सुरात बोलायला लागतात. बीटला नाटकात काम हवं.

रॅपमध्ये ‘फ्लो’ असा शब्द आहे. ठोका तोच, पण कोण त्याच्यावर बरोबर पाय ठेवतो, कोण मागे रेंगाळतो, कोण आधीच धावत सुटतो, तो त्याचा फ्लो. पोशाख न बदलता, आवाज न घोगरा करता माणूस बदलायचं हे साधन आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या सुरुवातीला एक छोटा प्रवेशक, म्हणजे दोन अंकांना जोडणारा प्रवेश, आहे, त्यावर ते लावून पाहू. शाळेत तो भराभर उरकतात, पण मला विचाराल तर अख्ख्या नाटकात माइक मागणारा प्रवेश हाच.

एका धीवराला, म्हणजे कोळ्याला, बांधून आणलं आहे. राजाच्या नावाची अंगठी त्याच्याकडे सापडली. दोन शिपाई आणि त्यांचा वरिष्ठ, राजाचा मेहुणा. ‘चोर आहेस की राजानं तुला सत्पात्र ब्राह्मण म्हणून दान दिली?’ अशी टर उडवतात. धीवर सांगतो, मी मासे धरून कुटुंब पोसतो. मेहुणा खवचटपणे म्हणतो, धंदा अगदी पवित्र आहे हं! आणि इथे कालिदास जे करतो ते पाहा. तो त्या बांधलेल्या कोळ्याच्या तोंडी श्लोक घालतो, संस्कृतात नाही, प्राकृतात. जन्मानं आलेलं काम लोकांनी निंदलं तरी टाकू नये, असा त्याचा आशय. ज्याची जात काढली तो पद्यात उत्तर देतो. ब्राँक्समध्ये वेगळं काय झालं?

आता हे एकट्यानं करायचं. पहिला शिपाई प्रत्येक ठोक्यावर दांडकं आपटल्यासारखं बोलेल. दुसरा त्याच्या ओळीचं शेपूट तेवढं पुन्हा म्हणेल. रॅपमध्ये जोडीदार तेच करतो. मेहुणा ठोक्याच्या मागे रेंगाळेल, कारण राजाचा मेहुणा आहे, त्याला घाई कशाची? धीवर घाबरलेला, ठोक्याच्या आधीच सुटलेला, शब्दांवर शब्द पडताहेत. टोमणा बसतो. क्षणभर बीट बंद. मग पहिल्यांदाच तो ठोक्यावर बरोबर उभा राहतो. कालिदासाच्या आशयावर आपल्या नागपुरी बोलीत मी केलेला हा कच्चा मसुदा, भाषांतर म्हणून तपासू नका:

चोर नाही जी साहेब, मी जाळं टाकतो पाण्यात,
माह्या बापाचं बी आयुष्य गेलं याच घाण्यात;
रोहू कापला मधातून, तं अंगठी चमकून राह्यली,
तुमी पयले जात पाह्यली, मंग अंगठी पाह्यली!

मेहुणा राजवाड्यात जातो. मागे राहिलेल्या शिपायाचे हात शिवशिवताहेत, याला वधाची फुलं, म्हणजे वधाआधी घालायची फुलं, बांधायला. इथे बीट नकोच. नटानं माइकच्या दांडीवर बोटं वाजवावीत, शिवशिव तिथेच ऐकू येते. मेहुणा परततो, धीवराची सुटका होते, वर अंगठीच्या मोलाइतकं बक्षीस मिळतं. धीवर त्यातलं अर्धं शिपायांना देतो, ‘तुमच्या फुलांची किंमत’ म्हणून. मगाशी धमकीत आलेली फुलं इथे टोला होऊन परत येतात. रॅपची भाषा बोलणाऱ्या पोरांना अशा ओळीची किंमत सांगावी लागत नाही. शेवटी सगळे मिळून दारूच्या गुत्त्याकडे निघतात. जुनी दुनिया, तेच पोलिस ठाणे.

त्यानंतर राजा येतो, शकुंतला आठवून व्याकुळ झालेला. त्याचे श्लोक पूर्ण शांततेत म्हणावेत. आतापर्यंत बीटला कान सरावलेले असल्यामुळे राजाचं एकटेपण काही न करता दिसतं.

ही संस्कृतची विटंबना नाही का?

वरचा प्रवेश वाचल्यावर या आक्षेपात फारसं उरत नाही. संस्कृत नाटक कधीच नुसतं संस्कृत नव्हतं. राजा संस्कृत बोलतो, शकुंतला आणि तिच्या सख्या प्राकृत बोलतात, धीवर मागधी प्राकृत बोलतो. कोणाची भाषा कोणती, हे शास्त्रानं ठरवून दिलं होतं. म्हणजे बोलीला जागा मुळातच आहे. धीवराला पुस्तकी मराठी देणं हीच खरं तर मुळाशी गद्दारी. उलट राजाच्या तोंडीही रॅप घातला तर तो भेदच पुसला जाईल. माझा आक्षेप असल्या सरसकट रॅपला आहे.

आपल्याकडे हे उपरं वाटणार नाही का?

विदर्भात खडी गंमत पाहिलेल्या माणसाला तरी वाटू नये. कलगीवाले आणि तुरेवाले, एक शक्तीचा पक्ष घेणारे, दुसरे शिवाचा. डफ-तुणतुण्याच्या साथीनं एका शाहिरानं पद्यात कोडं टाकायचं, दुसऱ्यानं पद्यातच ते सोडवून उलट टोला द्यायचा, आणि पब्लिकनं निकाल लावायचा. रॅपच्या जुगलबंदीचे नियम यापेक्षा निराळे नाहीत. आंबेडकरी जलशांनी गाण्यात युक्तिवाद भरून वस्त्यावस्त्यांत नेला. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथे ठेक्यावरचा युक्तिवाद परका कसा? आणि कीर्तनकार तर एकटाच उभा राहून आर्या, साकी, दिंडी, ओवी अशा चाली बदलत कथा सांगतो, मधेच गद्यात येऊन राजा होतो, लगेच दासी होतो.

फरक आहे तो साथीत, आणि हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. कीर्तनकाराचा तबलजी बुवांकडे पाहून थांबतो. ध्वनिमुद्रित बीट कुणाकडे पाहत नाही. देशपांडे सभागृहात एखाद्या वाक्याला अनपेक्षित हशा आला तर नटानं थांबायला हवं, पण ट्रॅक पुढे निघून गेलेला असतो. मग नट हशावरून बोलतो आणि पुढची ओळ वाया जाते. याला उपाय दोन: ठोका तोंडानंच काढून यंत्रात फिरता ठेवायचा आणि पायानं चालू-बंद करायचा, किंवा जिवंत वादक घ्यायचा. पहिल्यात नट दमतो, दुसऱ्यात एकपात्रीचं दुपात्री होतं. तरी मुद्रित ट्रॅकपेक्षा दोन्ही बरे.

करून पाहायचं असेल तर हक्कांचं काय?

कालिदास आणि शेक्सपिअर कुणाच्या परवानगीचे नाहीत, त्यांची मराठी रूपं मात्र असू शकतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क टिकतात. नाटककार गो. ब. देवल १९१६ मध्ये गेले, त्यामुळे ऑथेल्लोवरून केलेला त्यांचा ‘झुंझारराव’ मोकळा आहे, वि. वा. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, त्यांचा ‘ऑथेल्लो’ २०५९ अखेरपर्यंत परवानगीशिवाय उचलता येणार नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या बीटलाही मालक असतो, आणि ‘फुकट’ लिहिलेली बीट पुष्कळदा तिकीट लावलेल्या प्रयोगाला फुकट नसते. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. रॅपवाली पोरं हे हमखास विसरतात, कारण त्यांना कॉलेजच्या गॅदरिंगची सवय. बीटचा खर्च परवडत नसेल तर एखादा ढोलकीवाला गाठावा. हशा आला तर तो थांबेल.